वाखाउची ग्र्यूनर फेल्टलिनर: ताजी प्यावी की मुरवावी?

डोनाउकाठी:

ऑस्ट्रिया पाहायला येणारी आपली मंडळी एक संध्याकाळ व्हिएन्नाच्या एखाद्या हॉयरिगरमध्ये, म्हणजे मळेवाल्याच्या स्वतःच्या वाइनगुत्त्यात, घालवतात. लाकडी बाकं, अंगणातली झाडं, गार ग्र्यूनर फेल्टलिनर ही इथली व्हाइट वाइन, फार तर सोडा घालून केलेला गेश्प्रिट्स्टर. मळेवाल्याने स्वतःची वाइन स्वतःच्या दारात विकावी ही मुभा सम्राट दुसऱ्या योसेफने १७८४ मध्ये दिली, तेव्हापासून ही पद्धत चालत आली आहे. ती वाइन ताजीच प्यायची असते. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, नवी वाइन आली की आदल्या वर्षीची 'जुनी' ठरते, इतका सरळ हिशेब.

पण त्यामुळे एक समज पक्का झाला आहे, की ग्र्यूनर म्हणजे हलकी, मिरमिरीत, वर्षभरात संपवायची वाइन. हा धागा त्या समजाविरुद्ध आहे. देशातल्या एकूण द्राक्षवेलींपैकी सुमारे एक तृतीयांश वेली या एकाच जातीच्या, त्यामुळे तिच्यात साधी वाइन भरपूर असणारच. मात्र योग्य जागेची, योग्य वर्षाची ग्र्यूनर १५-२० वर्षं सहज टिकते. नुसती टिकत नाही, वेगळीच होते. आणि अशा बहुतेक बाटल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीच उघडल्या जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी क्रेम्सजवळ राहतो. पश्चिमेला वाखाउ सुरू होतं: मेल्क ते क्रेम्स, डोनाउ म्हणजे डॅन्यूबच्या दोन्ही काठांचं अरुंद खोरं. २००० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. डोंगरउतारावर चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्या आहेत. यंत्र चढत नाही, सगळं हाताने. वरच्या पायऱ्यांत नाइस जातीचा जुना कठीण खडक, माती जेमतेम. खाली आणि पूर्वेकडे लोएस, म्हणजे हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेली पिवळट बारीक माती. ती पाणी धरून ठेवते आणि ग्र्यूनरला मानवते. रिसलिंग या इथल्या दुसऱ्या पांढऱ्या जातीला खडकाळ, कोरडी जागा चालते. दिवसा पूर्वेच्या मैदानाकडून ऊब येते, रात्री वायव्येच्या वाल्डफिर्टल पठारावरून गार हवा खाली उतरते. द्राक्ष पिकतंही आणि आंबटपणाही सोडत नाही. मुरण्याची सगळी शिदोरी इथे आहे.

इथल्या उत्पादकांच्या 'विनेआ वाखाउ' या १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने ड्राय, म्हणजे गोडवा नसलेल्या, वाइनच्या तीन पायऱ्या ठरवल्या. श्टाइनफेडर सर्वांत हलकी, अल्कोहोल ११.५ टक्क्यांपर्यंत. फेडरश्पील ११.५ ते १२.५. स्मारागट १२.५ च्या पुढे, सर्वांत पिकलेल्या द्राक्षांची, उशिरा तोडलेली. ऊन खात बांधांवर पडून राहणाऱ्या हिरव्या सरड्यावरून तिचं नाव पडलं. मुरवण्याच्या गोष्टी मी करतोय त्या मुख्यतः या तिसऱ्या पायरीबद्दल.

नुकतंच काही मित्रांबरोबर एक ताजी फेडरश्पील आणि १९९९ ची स्मारागट शेजारी शेजारी ठेवून चाखली. दोन्ही ग्र्यूनर, दोन्ही वाखाउच्या. ताजीला हिरवं सफरचंद, पपनस, पांढरी मिरी, जरा मुळ्याच्या पानासारखा हिरवट तिखटपणा. जुनीचा रंग गवताच्या काडीचा सोडून सोन्याकडे झुकलेला. आधी वास जवळजवळ नव्हताच. वीसेक मिनिटांनी पेल्यातून भाजलेले बदाम, मध, सुकी जर्दाळू, ओलसर रानातली अळंबी असं एकेक वर येत गेलं. गोड नव्हे, पूर्ण ड्राय. आणि या सगळ्याखाली आंबटपणाचा कणा ताठ. मित्रांपैकी दोघांनी ती फ्रान्समधल्या बर्गंडीची शार्डने आहे असंच ठरवून टाकलं होतं.

तुमच्यापैकी कोणी मुरलेली ग्र्यूनर किंवा ऑस्ट्रियन रिसलिंग प्यायली आहे का? कशी लागली, किती वर्षांची होती, जरूर लिहा.

खवय्या_कोथरूड:

छान धागा. मला तर दुकानदाराने स्पष्ट सांगितलं होतं की व्हाइट वाइन दोन वर्षांत संपवा, नाहीतर ओतून द्यावी लागेल. मग दुकानात उभं राहून ओळखायचं कसं, की कोणती बाटली ठेवण्यासारखी आहे?

डोनाउकाठी:

@खवय्या_कोथरूड, बहुतांश व्हाइटबद्दल तुमचा दुकानदार बरोबरच बोलला. वाइनफिर्टल भागातली साधी ग्र्यूनर, श्टाइनफेडर, सोडा घालायची वाइन, या ठेवून काही मिळत नाही. फेडरश्पील चांगल्या हातची असेल तर पाच-सहा वर्षं छान जाते.

ठेवायची असेल तर लेबलवर 'रीड' हा शब्द आणि त्यापुढे मळ्याचं नाव शोधा. म्हणजे वाइन त्या एकाच मळ्याची. वाखाउत वाइसनकिर्शनचा आखलाइटन, ड्युर्नश्टाइनचा केलरबेर्ग, लोइबनचा लोइबनबेर्ग, श्पिट्सचा झिंगरीडल. शेजारच्या काम्पटालमध्ये हायलिगनश्टाइन रिसलिंगसाठी आणि लाम ग्र्यूनरसाठी. काम्पटाल आणि क्रेम्सटालमध्ये स्मारागट हा शब्द सापडणार नाही, तो फक्त वाखाउचा. तिथे 'रिझर्व्ह' बघा.

वर्षही बघा. २०१३, २०१९ आणि २०२१ ही व्हाइटसाठी फार सुंदर वर्षं. २०१० थंड होतं, आंबटपणा खूप. तेव्हा लोक नाकं मुरडत होते, पण चांगल्या मळ्यांच्या बाटल्या उशिरा उमलल्या. २०१४ पावसाने झोडपलेलं वर्ष, त्या वाइन सडपातळ आहेत, ठेवू नका. २०१८ उन्हाचं आणि लवकर तोडणीचं, त्यातल्या बऱ्याच आता प्यायला तयार आहेत.

आणि शक्य असेल तर एकाच वाइनच्या तीन बाटल्या घ्या. एक लगेच, एक पाच-सात वर्षांनी, एक दहाच्या पुढे. एकाच बाटलीवरून ती कुठून कुठे गेली ते कळत नाही.

रेणुवेडी:

वाचतेय. माझं क्षेत्र रसायनशास्त्र, म्हणून त्या बाजूने थोडी भर.

पांढऱ्या मिरीचा वास हा नुसता चाखणाऱ्यांचा कल्पनाविलास नाही. त्यामागचा रेणू रोटंडोन. काळ्या-पांढऱ्या मिरीत असतो तोच हा रेणू द्राक्षाच्या सालीत तयार होतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो शिराझ वाइनमध्ये शोधून २००८ मध्ये प्रसिद्ध केला, पुढे ग्र्यूनरमध्येही सापडला. थंड हवेत, हळू पिकलेल्या फळात तो जास्त. गंमत अशी की सुमारे पाचातल्या एका माणसाला त्याचा वासच येत नाही. त्यामुळे एकाच टेबलावर कोणी 'मिरी, मिरी' म्हणतो आणि शेजारच्याला काहीच जाणवत नाही. दोघंही खरं बोलत असतात.

ताज्या वाइनचा सफरचंद-केळं-पेअर असा फळांचा दरवळ बराचसा एस्टरांचा. ते आम्लयुक्त पाण्यात हळूहळू फुटतात, त्यातले काही पहिल्या एक-दोन वर्षांतच ओसरतात. डोनाउकाठींनी विचारलेल्या प्रश्नाचं मूळ इथे आहे: ज्या वाइनमध्ये या दरवळापलीकडे काही नसतं ती दोन वर्षांनी पोकळ वाटते. जिच्यात पीएच कमी, आंबटपणा भरपूर आणि फळातून उतरलेला ऐवज दाट, तिच्यात या काळात दुसरे वास घडत असतात.

रिसलिंगचा तो प्रसिद्ध केरोसीनसारखा वास टीडीएन नावाच्या रेणूचा. घडांवर जितकं जास्त ऊन, तितका त्याचा कच्चा माल सालीत जास्त, आणि बाटलीत वर्षानुवर्षं तो मोकळा होत राहतो. ग्र्यूनरमध्ये तो सहसा जाणवण्याइतका होत नाही. जुनी रिसलिंग आणि जुनी ग्र्यूनर वेगळी ओळखण्याची ही मला सर्वांत भरवशाची खूण वाटते.

वेलीमागे:

मी नाशिक-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षाचं काम करते, म्हणून रात्रीच्या गार हवेचा मुद्दा वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे वेल कधी पूर्ण झोपतच नाही. वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा संपताना फळछाटणी. वाइनच्या द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे फळ पिकताना दिवस तापत जातात. वाखाउत नेमकं उलट: वेल बर्फात विसावते, फळ ऑक्टोबरात पिकतं, काही मळ्यांत तोडणी नोव्हेंबरापर्यंत, आणि तेव्हा दिवस गार होत चाललेले असतात. मॅलिक आम्ल उष्णतेत भराभर जळतं. त्यामुळे आम्हाला आंबटपणा वाचवायचा तर साखर पुरती भरायच्या आधी तोडावं लागतं, त्यांना थांबता येतं. पिकलेपण आणि आंबटपणा दोन्ही एकाच घडात मिळणं ही शेतकऱ्याच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट आहे ते आम्हाला विचारा.

नाशिकची शेनँ ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां ताजीच प्या, आमचं बलस्थान तेच. लोएसबद्दल विचारायचं होतं: ती माती पाणी धरते म्हणता, मग उन्हाळ्यात ठिबक लागत नाही का?

डोनाउकाठी:

@वेलीमागे, फार मोलाचा प्रतिसाद, धन्यवाद. लोएसच्या जाड थरावर जुन्या वेली बऱ्यापैकी निभावतात. वरच्या खडकाळ पायऱ्यांवर मात्र ठिबक आहे, कोरड्या उन्हाळ्यात त्याशिवाय वेल थांबून जाते. वाखाउत पाऊस बेताचाच.

@रेणुवेडी, मिरीचा वास न येणाऱ्यांतले आमच्या घरीच एक आहेत. आता त्यांच्याशी वाद घालणार नाही.

इसारकाठचा:

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. म्युनिकहून वाखाउ जवळ, त्यामुळे या वाइन बऱ्याच प्यायलो आहे. माझं मत: स्मारागट मुरते म्हणून डोळे मिटून ठेवू नका. उशिरा तोडणी म्हणजे साखर जास्त, साखर जास्त म्हणजे अल्कोहोल जास्त. काही बाटल्या १४ टक्क्यांच्या वर जातात. वय झाल्यावर फळ ओसरतं पण अल्कोहोल तिथेच राहतं, आणि घशाशी जळजळतं. त्यात घडांवर बोट्रायटिस बुरशी आलेली असेल तर दहा वर्षांनी मध आणि सुक्या मेव्याशिवाय काही उरत नाही, मळा कोणता तेही कळेनासं होतं. म्हणून मला रुडी पिखलरसारखे बुरशी लागलेला दाणा बाजूला काढणारे उत्पादक जास्त पटतात.

दुसरं, मुरवायचीच असेल तर रिसलिंग मुरवा. हायलिगनश्टाइनची रिसलिंग २० वर्षांनी जी स्वच्छ आणि तरतरीत लागते, तशी ग्र्यूनर मला क्वचित भेटली. तो खडक वाळूखडकाचा आणि त्यात ज्वालामुखीजन्य तुकडे, आजूबाजूला तसं दुसरं काही नाही. ग्र्यूनर मी पाचव्या-सहाव्या वर्षी पितो आणि तृप्त असतो.

डोनाउकाठी:

राग कसला, असं लिहिलंत म्हणूनच धागा पुढे सरकला. अल्कोहोल आणि बुरशीबद्दल बव्हंशी सहमत. उष्ण वर्षांच्या जाडजूड स्मारागट मीही ठेवत नाही. २००३ च्या बऱ्याच बाटल्या लवकर थकल्या. बुरशीचा थोडा अंश मात्र मला चालतो, क्नोल किंवा हिर्ट्सबेर्गर या वाखाउच्या उत्पादकांच्या जुन्या वाइनमधली मधाळ झाक त्यातूनही येते. ही आवडीची बाब.

रिसलिंग जास्त सरळ रेषेत म्हातारी होते, हेही मान्य. ग्र्यूनर वाकडी चाल चालते. पण तिची बाजू मांडायला माझ्याकडे एक जुना पुरावा आहे. २००२ मध्ये लंडनला जॅन्सिस रॉबिन्सन आणि टिम अ‍ॅटकिन या वाइन-समीक्षकांच्या पुढाकाराने ऑस्ट्रियाच्या ग्र्यूनर आणि शार्डने, बर्गंडीच्या नामवंत शार्डनेंसमोर लेबलं झाकून ठेवल्या गेल्या. वरच्या जागा बहुतेक ऑस्ट्रियाने घेतल्या. पहिली आली क्नोलची १९९० ची ग्र्यूनर, 'विनोथेकफ्युलुंग'. म्हणजे बारा वर्षांची मुरलेली बाटली, ताजी नव्हे. त्या दिवसाआधी ऑस्ट्रियाबाहेर ही द्राक्षाची जात फारशी कोणी मनावर घेत नव्हतं.

आणि रिसलिंगच्या बाजूने तुम्हाला एक भर: माउटर्नच्या निकोलाइहोफ या वाइनघराने १९९५ ची रिसलिंग मोठ्या जुन्या लाकडी पिंपात १७ वर्षं ठेवून मग बाटलीत भरली. अमेरिकेच्या 'वाइन अ‍ॅडव्होकेट' या नियतकालिकाने तिला १०० पैकी १०० गुण दिले. जुनं मोठं पिंप लाकडाची चव देत नाही, फक्त वाइनला अगदी संथ श्वास घेऊ देतं. हे घर १९७१ पासून बायोडायनॅमिक (सेंद्रिय शेतीचाच एक प्रकार) शेती करतं, जेव्हा तो शब्द कोणाच्या तोंडी नव्हता.

ग्र्यूनरच्या वाकड्या चालीबद्दल एक महत्त्वाचं: मोठी स्मारागट साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षी अबोल होते. तरुणपणाचं फळ गेलेलं, मुरलेपण आलेलं नाही. पुष्कळ लोक नेमकी तेव्हा बाटली उघडतात आणि 'ही काही टिकत नाही' असा निकाल देतात. अशी अबोल बाटली लागली तर काचेच्या सुरईत ओतून तास-दोन तास ठेवा. उरलेल्या बाटल्यांना हात लावू नका.

खवय्या_कोथरूड:

एक शंका. ऑस्ट्रियाच्या वाइनमध्ये अँटिफ्रीझ सापडलं होतं म्हणतात, ते काय प्रकरण? बाबांना मी या धाग्याबद्दल सांगितलं तर त्यांना आधी तेच आठवलं.

रेणुवेडी:

१९८५ चं प्रकरण ते. काही व्यापाऱ्यांनी पातळ वाइन गोड आणि भरदार भासावी म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल घातलं. बातम्यांत त्याचं 'अँटिफ्रीझ' झालं. त्यात कोणी दगावल्याची नोंद नाही, पण निर्यात अक्षरशः कोसळली. तुमच्या बाबांच्या पिढीला हे रसायन आणखी एका कारणाने लक्षात असेल: १९८६ मध्ये मुंबईत रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच मिसळलेलं निघालं, माणसं गेली आणि न्या. लेंटिन आयोग बसला. त्या मानाने ऑस्ट्रिया थोडक्यात वाचला असंच म्हणायचं.

डोनाउकाठी:

आणि त्या धक्क्यातूनच आजची ड्राय वाइन उभी राहिली. त्याच वर्षी युरोपातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी एक आला. आजही दर्जेदार ऑस्ट्रियन बाटलीच्या बुचावर लाल-पांढरा-लाल पट्टा दिसतो आणि लेबलवर सरकारी तपासणी क्रमांक असतो. प्रयोगशाळेत तपासून आणि चाखूनच तो मिळतो. गोडव्याच्या आड काही लपवायला जागाच राहू नये म्हणून मळेवाल्यांची एक अख्खी पिढी ड्राय वाइनकडे वळली. आपण इथे ज्या बाटल्यांबद्दल बोलतोय त्यातल्या बहुतेकांचं मूळ त्या काळात आहे.

माहेर_दादर:

मी माहेरी जाताना दोन बाटल्या नेते, तेवढ्या दोन लिटरच्या मर्यादेत बसतात. आई-बाबांच्या फ्लॅटमध्ये पाच-सात वर्षं ठेवता येतील का? तिथल्याच एका दुकानात विदेशी व्हाइट काचेच्या कपाटात थेट उन्हात मांडलेल्या पाहिल्या. विकत घेतलेली बाटली तपकिरी निघाली आणि तिला जुन्या, कापलेल्या सफरचंदाचा वास येत होता.

डोनाउकाठी:

तो वास ऑक्सिडेशनचा. उन्हाने आणि उकाड्याने तिला वर्षभरात म्हातारं केलं, मुरवलं नाही. मुंबईच्या फ्लॅटमध्ये उघड्यावर पाच वर्षं ठेवायचा विचार सोडून द्या. वाइनला १० ते १४ अंश लागतात, आणि वर्षभर तेवढेच. वर-खाली होणारं तापमान बुचाला सैल करतं. घरचा फ्रिज काही महिन्यांपुरता ठीक, त्याहून जास्त नाही, कारण आतली हवा फार कोरडी. वाइनचा वेगळा छोटा फ्रिज असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर माहेरी ताजी फेडरश्पील न्या आणि त्याच सुट्टीत संपवा. मुरवायच्या बाटल्या इथेच राहू द्या.

ऑस्ट्रियात आता पुष्कळ चांगल्या वाइनला फिरकीचं झाकण असतं. ते हलकेपणाचं लक्षण समजू नका. त्याखाली वाइन जरा हळू मुरते, पण बुरसट बुचाचा धोका जातो.

माहेर_दादर:

समजलं. मग फेडरश्पीलच नेते. गेल्या वेळी आईच्या सुरळीच्या वडीबरोबर ती इतकी छान लागली होती! मोहरीची फोडणी, कोथिंबीर, ओलं खोबरं, सगळ्यांशी जमलं. तिखट रश्श्याबरोबर मात्र अल्कोहोल जास्त असलेली नको वाटते.

डोनाउकाठी:

अगदी. इथेही वसंतात मार्खफेल्डचा पांढरा शतावरीचा कोंब आणि ताजी ग्र्यूनर हेच खातात-पितात. मुरलेल्या स्मारागटला शरद ऋतूतलं जेवण द्या: अळंबी, लोण्यात परतलेला भोपळा, मुरलेलं चीज. मांसाहारी असाल तर टाफेलश्पिट्स, म्हणजे उकडलेलं बीफ आणि वर किसलेला तिखट हॉर्सरॅडिश.

इसारकाठचा:

जुनी बाटली गार किती करता? माझ्या ओळखीतले लोक बर्फात बुडवून आणतात आणि मग वास येत नाही म्हणतात.

डोनाउकाठी:

बर्फाचं पाणी श्टाइनफेडरला ठीक. मुरलेली १२ अंशांवर, आणि पेला मोठ्या पोटाचा. अर्धा तास बसा तिच्याबरोबर, ती तापत जाईल तसं बोलते. पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. तळाला पांढरे खडे दिसले तर घाबरू नका, ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक, निरुपद्रवी.

वेलीमागे:

एकच विचारते. ग्र्यूनर-रिसलिंग सोडून मुरणारं आणखी काही आहे का तिकडे? स्थानिक जातींमध्ये मला फार रस आहे.

डोनाउकाठी:

आहे, आणि त्यांच्यावर वेगळा धागा व्हायला हवा. व्हिएन्नाच्या दक्षिणेला गुम्पोल्ड्सकिर्शनची त्सिरफांडलर, जिच्या द्राक्षाची उन्हाकडची बाजू लालसर होते. आंबटपणा भरपूर, म्हणून फार सुंदर मुरते, पण लागवड अगदी थोडी उरली आहे. वाग्राम भागातल्या लोएसवरची रोटर फेल्टलिनर. नावात फेल्टलिनर असली तरी ग्र्यूनरचे पालक वेगळेच: एक ट्रामिनर आणि दुसरी सेंट ग्योर्गनची एक जुनी वेल, जी २००० मध्ये आयझेनश्टाटजवळच्या त्या गावात रानात, दुर्लक्षित अवस्थेत सापडली. आता तिला कुंपण आहे आणि तिच्या काड्यांपासून नवी रोपं केली आहेत.

वेलीमागे:

रानातली वेल! तिच्याबद्दल वेगळा धागा काढाच. मी नाशिकहून वाट बघतेय. आणि २०२१ ची एखादी स्मारागट घेतली तर कधी उघडू?

डोनाउकाठी:

दोन घ्या. पहिली २०२८ च्या आसपास, दुसरी २०३५ च्या आधी नको.